नऊ वाजता उगवलेला चंद्र

१९७१ चा डिसेंबर. आमची प्लाटून राजस्थानच्या वाळवंटात, सीमेजवळ होती. मी हवालदार, गाव कर्जत तालुक्यात, घाटाच्या अगदी पायथ्याशी. माझा नाईक पांडू खोपोलीजवळच्या साजगावचा. चार वर्षं आम्ही एका ताटात जेवलो.

लढाईला दोन दिवस झाले होते. पश्चिमेच्या टेकाडावर शत्रूची मशीनगन होती. तिची नेमकी जागा बघून आमच्या गस्तीच्या तुकडीनं अंधारातच परत यायचं होतं. चंद्रोदयाच्या वेळांचा कागद वरून आलाच नव्हता. कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "मून कितीला?"

त्या दिवशी संकष्टी होती. आई चंद्र बघूनच उपास सोडायची आणि आम्हा पोरांनाही थांबवायची. त्यामुळे थंडीतल्या संकष्टीची वेळ माझ्या पोटालाच पाठ होती.

"पावणेदहा, सर."

पांडू म्हणाला, "बरोबर हाय. आमच्याकडंबी तवाच दिसतो."

आमचा वाटाड्या मेघाराम तिथलाच उंटवाला. पहिल्या दिवसापासून तो मला खटकत होता. फारसा बोलायचा नाही, नजरेला नजर द्यायचा नाही. निघताना मात्र घाई करू लागला.

"साब, चाँद जल्दी निकलेगा. अभी चलो."

याला एवढी घाई कसली? पलीकडे कुणी वाट बघतंय का? मी त्याला तासभर ताटकळत ठेवलं, झडती घेतली. बिड्या निघाल्या. तरी संशय गेला नाही.

साडेआठला निघालो. नऊ वाजता टेकाडापासून दोनशे यार्डांवर, उघड्या वाळूत होतो. अचानक पाठीमागे उजेड वाटला. वळून बघतो तर चंद्राची कड वर आलेली. समोरून आम्ही सगळे काळे ठळक दिसत असणार. मशीनगन सुरू झाली.

वायरलेसवर साहेब होते. "रिपोर्ट. ओव्हर."

"पांडू हिट, सर. ओव्हर."

"कम बॅक. ओव्हर."

मी त्याला पाठीवर घेतलं. तो कानाशी म्हणाला, "दादा, चंद्र आधी कसा रं आला?" त्यानंतर तो बोलला नाही.

परतल्यावर मी रिपोर्ट दिला. मेघारामला चंद्राची वेळ ठाऊक होती, त्यानंच आम्हाला उघड्यावर नेलं. त्याचे हात बांधून त्याला चौकशीला नेलं. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

मार्चमध्ये सुट्टीवर घरी आलो. संकष्टी होती. भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदय साडेनऊचा. दहा वाजले तरी चंद्र नाही.

"आई, कॅलेंडर चुकलंय."

"चुकत नाय रं. तो तिकडं कवाच उगवला. आपल्याला डोंगर आडवा हाय. तो चढून यायला त्याला पाऊण तास लागतो."

वाळवंटात डोंगर नव्हता.

त्याच रात्री साहेबांना पत्र लिहिलं. मेघाराम खरं बोलत होता, त्याचं ऐकलं असतं तर आम्ही नऊच्या आत परतलो असतो. त्याला सोडल्याचं उत्तर आलं. त्याची माफी मागायला मात्र तो मला पुन्हा भेटला नाही.

दुसऱ्या दिवशी साजगावला जाऊन पांडूच्या वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"त्यालाबी तसंच वाटलं ना?"

"हो."

"मंग तू एकटा कसा चुकलास?"

आजही संकष्टीला कॅलेंडरातली वेळ झाली की मी अंगणात येऊन बसतो. डोंगरामागे नुसता उजेड असतो. घरातले चंद्राची वाट बघतात. तेवढा पाऊण तास मी पांडूजवळ असतो.