खासदारांनी फलाटावर आणलेला साहेब

सडक्या कांद्याचा वास आला की मला लासलगावचं रेल्वे स्टेशन आठवतं. सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि मी नुकतीच बी.ए. झाले होते, गावातली पहिलीच. वॅगन मिळेनात, म्हणून गावाने मिळून कलकत्त्याला पाठवायच्या कांद्याच्या गोण्या फलाटावर कुजत होत्या. संसदेत बोलूनही काही हललं नाही, तेव्हा आमचे खासदार रेल्वेच्या मोठ्या साहेबालाच तिथं घेऊन आले. साहेब दक्षिणेकडचे, मराठी न कळणारे. त्यांनी नाकाला रुमाल लावला, तसे खासदार मला म्हणाले, "सांग गं त्यांना इंग्रजीत, हा वास दिल्लीला पोचेना म्हणून तुम्हाला आणलं." मग ते गोण्यांपाशी उभ्या असलेल्या माझ्या आईकडे वळले. "माय, आता तुम्ही बोला." आई म्हणाली, "त्याला म्हणावं, वॅगन नाय आली तं समद्या गावाचं वरीस मातीत जाईल. काय ते आजच सांग म्हणावं, उद्या नाय." मी शब्दन् शब्द सांगितला, आईच्याच चढ्या आवाजात. साहेबांनी रुमाल खिशात ठेवला आणि स्टेशनमास्तरांच्या खोलीतूनच फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी वॅगन लागल्या. "माय, माझं नाही ऐकलं, लेकीचं ऐकलं," खासदार हसले. आई म्हणाली, "मंग शिकवलं कशापायी?" आज केस पिकले, तरी कुठल्याही साहेबापुढे माझा आवाज खाली येत नाही.