तीन प्रोजेक्टर, एक रिमोट

नझीरभाईंनी शेवटपर्यंत रिमोट कुणाला दिला नाही.

आज सकाळी रोह्यात ते गेले, तेव्हाही घरच्या टीव्हीचा रिमोट उशाखालीच होता.

माणूस बरीच वर्षं आखातात होता. तिकडे मोठमोठ्या शोचे स्क्रीन चालवायचो, असं सांगायचे.
त्यांच्या बायकोचा, हमीदाभाभीचा विश्वास नव्हता. तिच्या मते, तिकडे गाड्या धुतल्या आणि इकडे थापा मारल्या.

ते गावी परतल्यावर मी एक नाटक केलं. त्यात बांध फुटून खारं पाणी भातशेतीत शिरतं.
नाटक नव्हे, इन्स्टॉलेशन. म्हणजे खुर्च्या कमी, आणि कळतं त्याहून कमी.

तीन भिंतींवर तीन स्क्रीन, मधोमध टेबलावर तीन प्रोजेक्टर. नझीरभाईंनी सगळं अंगावर घेतलं. अट एकच: भाभी पहिल्या रांगेत.

तालमीला एकच प्रोजेक्टर होता. शोला पेणहून तीन आले, तिन्ही एकाच कंपनीचे.

मधल्या स्क्रीनवरचं पाणी थांबवायचं होतं. नझीरभाईंनी बटण दाबलं.
तिन्हीकडचं थांबलं.
पुन्हा दाबलं. तिन्हीकडे सुरू.

भाभीने माझ्याकडे पाहिलं. गाड्याच, असं त्या नजरेत स्पष्ट होतं.

नाटकातलं भात पाखडायचं सूप माझ्या हातात होतं. नझीरभाईंनी मला ओढून ते डाव्या प्रोजेक्टरच्या मागे आडवं धरायला लावलं. उजवीकडे माणूस नव्हता.

"हमीदा, ऊठ गो. ते दुसरं सूप घे."

भाभी उठली. सुपाआडच्या मशीनना रिमोट दिसेना. एकटं मधलं पाणी थांबलं.

पुढचा तासभर मी लेखक, दिग्दर्शक आणि डावं सूप. भाभी उजवं.
"डावं वर घे. उजवं, झोपलीस काय?" नवऱ्याचा आवाज पहिल्यांदाच चढला होता, आणि भाभी चक्क ऐकत होती.

मुंबईहून आलेले एक समीक्षक नंतर गहिवरून गेले. सूप म्हणजे स्मृती पाखडणं, म्हणाले.
नझीरभाई म्हणाले, "साहेब, मशीन तीन, रिमोट एक. दुसरं काय नाय."

निघताना भाभी मला हळूच म्हणाली, "व्हय, तिकडं हेच करत असणार. गाड्या धुणाऱ्याची एवढी अरेरावी कोण ऐकून घेतंय?"

गाड्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

आज गेलो, तर भाभी दारात बसलेली. मला पाहून आत सांगितलं, "डावं सूप आलं."
रिमोट तिच्या मुठीत होता. कुणी मागितला नाही.

नझीरभाई, वरून बटण तुमच्या एकट्यासाठीच दाबलं असणार. पण आम्ही सगळे एकाच कंपनीचे, सगळेच थांबलो.
मध्ये सूप धरायचं राहून गेलं.

सलाम.
तुमचं डावं सूप