मान तुटलेली मूर्ती आणि नोराच्या लग्नातलं ऊन

या लग्नाला आम्ही गेलो ते आईंसाठी. आई म्हणजे माझ्या सासूबाई. २०२०च्या सुरुवातीला त्या आयर्लंडला, लिमरिकला आमच्याकडे आल्या आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकल्या. लेकीचं पुण्यातलं लग्न फोनवर बघावं लागलं, तेही ऐन मंगलाष्टकांत नेटवर्क गेलं. मुठीतल्या अक्षता त्यांनी गुपचूप डबीत ठेवल्या. त्यामुळे २०२१च्या उन्हाळ्यात माझी मैत्रीण नोरा म्हणाली, "लग्नाला आईंनाही आण," तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता हो म्हटलं.

एनिस गावापर्यंत रस्ता झकास. पुढे मात्र इतका अरुंद, की समोरून ट्रॅक्टर आला की गाडी मागे घ्यायची तयारी ठेवा. नोराची आई ब्रीज घरातच बी अँड बी, म्हणजे पाहुण्यांची राहण्या-नाश्त्याची सोय, चालवते. पोचताच गरम सोडा ब्रेड आणि लोणी पुढ्यात. कोविडच्या नियमांमुळे जेवण नि नाच अंगणातच होणार होता. पाऊस आला तर सगळाच विचका.

संध्याकाळी आईंना बागेच्या कुंपणाखाली बाळ येशूची मूर्ती दिसली. मान तुटलेली. "लग्नघरात भंगलेली मूर्ती? अगं बाई!" त्यांनी ती खोलीत आणली, पुसली आणि आहेराचं पाकीट चिकटवायच्या ग्लू स्टिकने मुंडकं बसवलं. मीही कौतुकाने बघत राहिले.

सकाळी धो धो पाऊस. ब्रीज कुंपणापाशी शोधाशोध करत होती. आदल्या दिवशी ही मूर्ती बाहेर ठेवली की लग्नाला ऊन पडतं, तिने सांगितलं. त्यात मान आपोआप तुटलेली असेल तर फारच शुभ.

मी हे मराठीत सांगितल्यावर आईंचा चेहराच उतरला. "पोरीच्या लग्नात मीच अपशकुन केला गं!" त्या मूर्ती घेऊन पावसातच धावल्या. कुंपणाशी वाकल्या आणि मुंडकं टपकन गवतात पडलं.

ब्रीजने टाळ्याच वाजवल्या. "पुन्हा आपोआप! दॅट्स ग्रँड! आता कसली काळजी?"

चर्चमधून परतेपर्यंत रिपरिप चालूच होती. जेवणं मांडली आणि स्वच्छ ऊन पडलं. मला रडूच आलं. नाच सुरू व्हायच्या आधी आईंनी ब्रीजला खुणेनेच विचारलं आणि नोराच्या डोक्यावर काहीतरी टाकलं.

काय ते दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर कळलं. आईंनी पुण्याला फोन लावला होता.

"तुझ्या अक्षता राहिल्या होत्या गं माझ्याकडे," त्या लेकीला सांगत होत्या. "काल टाकल्या."