आत्याचा हॉटस्पॉट

माझा स्वभाव तापट आहे. भोरच्या ज्या शाळेत मी गणित शिकवतो तिथली कुठलीही मुलगी किंवा मुलगा हे सांगेल. गणित चुकलं की माझा आवाज चढतो, आणि माझंच चुकलं की जरा जास्तच चढतो. त्यामुळे शनिवारी गुंजवण्याहून आत्याचा फोन आला आणि ती म्हणाली, "उद्या ये, टीव्हीला मोबाईल जोडायचाय," तेव्हा मी आधी भडकलोच.

"तुझ्या पोराला सांग की. टीव्ही त्यानं आणलाय."

"त्याला रजा न्हाई मिळाली कंपनीत." मग जरा थांबून म्हणाली, "पोरीची फायनल हाय रं. चार वाजता."

मग मात्र मी वाद घातला नाही.

पोरगी म्हणजे आत्याची नात. वसतिगृहात राहून शिकते आणि कबड्डी खेळते. ती हाफ पँट घालून मैदानात उतरते म्हणून भावकीत कुजबुज सुरू झाली होती, तेव्हा आत्यानं भर हळदीकुंकवात विचारलं होतं, "भात लावताना तुमी लुगडी कुठवर खोचता गं?" त्यानंतर कुजबुज झाली असेल तर आत्याच्या कानावर आली नाही. पोरीला पकड शिकवली ती मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी. एके काळी मामांनी धरलेला गडी सुटत नसे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणंही गेलं. समज मात्र पुरती शाबूत आहे, डावा हात चालतो, आणि आवडलं-नावडलं ते भुवयांनी सांगतात.

मामांना एकटं ठेवून आत्या कुठं जात नाही. त्यामुळे ज्या पोरीसाठी ती अख्ख्या भावकीशी भांडली तिचा एकही मोठा सामना तिनं पाहिलेला नव्हता. मोबाईलवर बघायचा प्रयत्न केला तर पोरगी मुंगीएवढी दिसायची. कुठली आपली आणि कुठली समोरची, हेच कळायचं नाही. ही फायनल टीव्हीच्या कुठल्या चॅनेलवर नव्हती, फक्त इंटरनेटवर दिसणार होती.

आणि त्यात एक खूण ठरली होती. आत्या भाताच्या खाचरात उतरायच्या आधी खाली वाकून जमिनीवर तळहातानं दोन थापा मारते. मी लहानपणी कारण विचारलं तर म्हणाली होती, "कुणाच्या घरात शिरताना आपुन कडी वाजवत न्हाई का?" पोरगी ते बघतच मोठी झाली. तिनं फोनवर सांगितलं होतं, "आजी, शेवटच्या चढाईला जाताना मी तुझ्यासारख्या दोन थापा मारणार. तुझ्यासाठी. तू बघ हां, मी नंतर विचारीन." रविवारी मी गेल्यावर आत्यानं हे मला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती आणि एकच खडा तिनं तीनदा उचलून खाली ठेवला.

रविवारी दुपारी दोनला मी गुंजवण्यात पोचलो. भात निघून गेलं होतं, खाचरं उघडी पडली होती, घरामागे पेंढ्याची गंज उभी होती. माजघरात मामांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर टीव्ही लावलेला. शेजारची पाच-सहा माणसं अगोदरच येऊन बसलेली. सगळ्यांनी मला अशी जागा करून दिली की जणू ऑपरेशनला डॉक्टर आला.

आत्याच्या घरात रेंज कुठं मिळते हे आत्याला लोणच्याच्या बरणीइतकं पाठ आहे. चुलीपाशी नाही, देवापाशी नाही, पडवीत कधी कधी, आणि मागच्या खिडकीबाहेर हमखास. म्हणून तिनं त्या खिडकीबाहेर, गजाशेजारच्या खिळ्यावर आपली जुनी चंची टांगली आहे. पूर्वी तीत पान-सुपारी असायची, आता मोबाईल असतो. फोन वाजला की आत्या चंचीत हात घालते. मोबाईल तिथं आणि टीव्ही आत, मध्ये एक मातीची भिंत. पंधरा पावलांचं अंतर. म्हटलं, हे तर सोपं आहे.

"हॉटस्पॉट चालू करायला लागेल," मी जाहीर केलं.

"चालूच असतोय," आत्या म्हणाली.

"पासवर्ड?"

तिनं दाराकडे बोट केलं. चौकटीशेजारी पांढऱ्या भिंतीवर कोळशानं आठ आकडे ठळक लिहिलेले होते. वाडीत बाकीच्यांच्या कार्डाला रेंज मिळत नाही, आत्याच्या कार्डाला मिळते. कुणाला परीक्षेचा फॉर्म भरायचा असतो, कुणाला नवऱ्याला फोटो पाठवायचा असतो. प्रत्येकाला सांगत बसण्यापेक्षा तिनं ते भिंतीवरच लिहून टाकलं होतं. "पाण्याला आलेल्याला न्हाई म्हणू नये," ती म्हणाली. मी कपाळावर हात मारला. पासवर्ड म्हणजे काय यावर पाच मिनिटं व्याख्यानही दिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आकडे भिंतीवर होते तिथंच राहिले.

रिमोटनं एकेक आकडा टिपत मी टीव्ही जोडला. "जोडले गेले" असं पडद्यावर आलं आणि माजघरात टाळ्या पडल्या. मी सामन्याचं पान उघडलं. फायनलआधीचा सामना चालू होता. मैदान दिसलं, दोन्ही संघ दिसले, आणि सगळं जागच्या जागी थिजलं. मधोमध गोल चक्र फिरायला लागलं.

पुढचा पाऊण तास मी जे केलं ते आठवलं की आजही मान खाली जाते. टीव्ही बंद करून चालू केला. मोबाईल बंद करून चालू केला. चंची या खिळ्यावरून त्या खिळ्यावर नेली. चित्र दोन सेकंद हलायचं आणि पुन्हा चक्र. मग मी टीव्हीला नावं ठेवली, आत्याच्या पोराच्या खरेदीला ठेवली, समोर उभ्या असलेल्या राजगडालाही ठेवली, कारण तो टॉवरच्या आड येतो असा शोध मला त्या क्षणी लागला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! आणि शेवटी, चारला दहा मिनिटं उरली असताना, सगळ्यांदेखत आत्यावर ओरडलो. "जमत नाही तर घेता कशाला असलं? उगाच मला भोरहून पळवलंस!"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या भुवया काय म्हणाल्या ते मी लिहीत नाही.

आत्या रागावली नाही. माझा राग ही तिच्या दृष्टीनं हवामानातली गोष्ट आहे, येते आणि जाते. तिनं विचारलं, "मोबाईलात पाणी पुरतं येतंय का?"

"पाणी नाही आत्या, नेट!"

"तेच. मोबाईलात येतंय का?"

मी तिच्या मोबाईलवर सामना लावून पाहिला. नीट चालला. "येतंय," मी कुरकुरत म्हणालो.

"आन् टीव्हीत येत न्हाई. म्हंजी वाटंत कुणीतरी घेतंय." ती माजघरातल्या माणसांकडं वळली. "तुमच्या समद्यांच्या खिशात काय हाय?"

प्रत्येकाच्या खिशात, कनवटीला, पदराखाली मोबाईल होता. प्रत्येकात भिंतीवरचे आठ आकडे कधीच भरून ठेवलेले होते. माणसं नुसती सामन्याची वाट बघत बसली होती आणि त्यांचे मोबाईल आपले आपण आत्याच्या हॉटस्पॉटवरून नेट ओढत होते, कुणाचे व्हिडिओ उतरत होते, कुणाचे फोटो वर चढत होते. मी गणिताचा मास्तर. एक भागिले आठ म्हणजे किती, हे मला कळायला हवं होतं.

"वरच्या खाचरांनी तोंडं उघडी ठेवली तर खालचं खाचर भरंल का रं?" आत्या मला म्हणाली. "लावणीला पाणी कमी आसलं की वरच्यांनी चिखलाचा बोळा घालून तोंड बुजवायचं आसतं. खालच्याची लावणी झाली की मग काढायचं. घाला बोळं."

तिनं भिंतीवरचं सूप काढलं आणि सगळ्यांपुढे धरलं. एकेकानं मोबाईल बंद करून सुपात ठेवला. एक म्हातारा बंद कसा करतात ते विसरला होता, त्याचा मी केला. शेवटी आत्यानं सूप माझ्यापुढे धरलं. माझाही जोडलेला होता. उंटावरचा शहाणा तो मीच.

चित्र सुरू झालं. असं स्वच्छ की पोरीच्या गुडघ्याची पट्टी दिसली. आत्या मामांच्या उशाशी बसली, आणि पडद्यावर पोरगी पहिल्यांदा आली तेव्हा तिनं मामांच्या गालाला हात लावून त्यांचं तोंड किंचित वळवलं. "ती बगा. सात नंबर." मामांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते तिनं पदरानं टिपलं आणि त्याच पदरानं आपलेही टिपले. मला तेव्हा या बाईचा फार अभिमान वाटला. मी आयुष्यभर उदाहरणं सोडवत आलो, पण उदाहरण कुठं अडलंय हे इतक्या शांतपणे विचारणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

मध्यंतरापर्यंत आपल्या मुली तीन गुणांनी मागे होत्या. दुसऱ्या डावात चित्र पुन्हा अडखळायला लागलं. सुपातले मोबाईल तर बंदच होते. आत्या म्हणाली, "ऊन कललं की रेंज सरकती. तू रिमोट सोडू नको, म्या ह्यांच्या चहाचं बगते," आणि उठून गेली. मिनिटभरात चित्र आपोआप सुरळीत झालं. मी चंची वरच्या खिळ्यावर नेली होती, त्याचाच हा गुण असं मी शेजाऱ्यांना समजावून सांगितलं.

शेवटची चढाई आली. पोरगी मध्यरेषेपाशी आली, वाकली आणि तळहातानं जमिनीवर मारलं. एकदा. दोनदा. माजघरात एकच गलका झाला. मामांनी डावा हात उचलला आणि पलंगाच्या पाटीवर मारला, खाडकन दोन वेळा. पोरीनं एक गडी टिपला, सुटून आली, तरी संघ एका गुणानं हरला. कुणाला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. सगळे आत्याला शोधत होते.

चहा झाला नव्हता. चूल थंड होती. मी मागच्या दारानं बाहेर गेलो.

खिडकीपासून दोन हात लांब, पेंढ्याच्या गंजीशेजारी धुण्याचा दगड आहे. आत्या त्या दगडावर चवड्यांवर उभी होती, आणि चंची तिनं उजव्या हातात डोक्याच्याही वर धरली होती. दुसऱ्या हातानं तो हात कोपरापाशी आवळून धरला होता, कारण तो थरथरत होता. किती वेळ? वीस मिनिटं तरी नक्कीच.

"आत्या, खाली ये! संपलं!"

ती उतरायच्या आत चंचीतला मोबाईल वाजला. पोरीचाच. आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला. "आजी, बघितलंस का?"

"बगितलं की. दोन मारल्यास."

"नक्की?"

"व्हय गं बाई. जोरात मारल्यास. हाताला लागलं न्हाई न्हवं?"

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "खोटं कशाला सांगितलंस तिला?" माझा आवाज पुन्हा चढला होता, पण या वेळी कशानं ते मलाच धड कळत नव्हतं.

"खोटं कुठलं? ह्यांनी पलंगावर मारल्या त्या म्या भिंतीतनं ऐकल्या. त्यांनी बगितलं न्हवं? मग झालं." आणि हात चोळत आत गेली, चूल पेटवायला.

माणसं आपापले मोबाईल घेऊन पांगली. दिवेलागणीला अजून वेळ होता. मी आत्याला बळंच मामांच्या उशाशी बसवलं, सामना पुन्हा लावला, शेवटच्या दहा मिनिटांवर आणून ठेवला आणि रिमोट तिच्या हातात दिला. मग चंची घेऊन मागं गेलो, धुण्याच्या दगडावर चढलो आणि हात वर केला. तिसऱ्याच मिनिटाला खांद्यातून कळ निघाली. पाचव्या मिनिटाला मी दुसरा हात कोपराला लावला. ती माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी आहे.

आतून पंचांची शिटी ऐकू आली. मग थोडं थांबून शेणानं सारवलेल्या जमिनीवर तळहाताच्या दोन थापा पडल्या. या मामांच्या नव्हत्या.

मी हात तसाच वर धरून उभा राहिलो. सामना अजून संपायचा होता. तेवढ्यात आतून तिची हाक आली.

"बास रं लेका. घे हात खाली. लई दुकतोय त्यो."