मागे न घेतलेली शिवी

माझ्या सासऱ्यांइतक्या स्वच्छ शिव्या देणारा माणूस अख्ख्या जर्मनीत झाला नसेल, आणि कराडात तर नाहीच नाही. हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ तीन महिन्यांसाठी आमच्याकडे झिंडेलफिंगेनला आले, ते बॅगेत मेतकूट आणि जिभेवर शंभर वर्षांपूर्वीचं इंग्रजी घेऊन. मराठी शिवी त्यांना नामंजूर. "अहो जावईबापू, आपली शिवी द्यावी एकाला आणि लागते त्याच्या आई-बहिणीला. त्यांचा काय दोष? इंग्रजी शिवी कशी, ज्याची त्यालाच!" त्यांची प्रतवारी पक्की होती. 'रास्कल' लाडाची. 'रॉटर' म्हणजे आपलं काम टाळणारा. 'स्काउंड्रल' पुराव्याशिवाय द्यायची नाही. आणि 'कॅड' म्हणजे शब्द देऊन तो न पाळणारा. ही त्यांनी आयुष्यात दोघांनाच दिली होती, त्यातले एक त्यांचे मुख्याध्यापक.

आले होते ते सहा वर्षांच्या नातीशी बोलायला. आमच्या मीराला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. यांनी हौसेनं गोष्ट सांगावी, तिनं "आल्झो" म्हणून काहीतरी लांबलचक बोलावं, आणि यांनी माझ्या तोंडाकडे बघावं. मला ते बघवत नसे.

त्यातच जिन्याचं प्रकरण झालं. आमच्या इमारतीत केरवोखे असे, म्हणजे आठवडाभर जिना झाडायची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी. ऑफिसच्या गडबडीत मी ती विसरलो होतो. जिन्यात कचरा, आणि वरच्या मजल्यावरचे श्रीयुत फोगेल त्यातून खुशाल ये-जा करताहेत, हे चार दिवस पाहून, पाळी त्यांचीच असं धरून सासरे मीराला घेऊन वर गेले आणि म्हणाले, "सर, यू आर अ रॉटर!" फोगेलनी शांतपणे खाली येऊन आमच्याच दारावरची पाटी दाखवली. ती माझ्या नावाची समजून सासरे रोज रुमालानं पुसत होते!

दुसरा कुणी तोंड लपवून बसला असता. यांनी आधी जिना झाडला, मग कोट चढवला, पुन्हा वर गेले आणि म्हणाले, "आय विदड्रॉ, सर. द रॉटर इज मी." फोगेल म्हणाले, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि त्यांनी कॉफी पाजली.

हे सगळं पाहून मीरा खूश. त्या दिवसापासून घरात खटले सुरू झाले. यांनी चष्मा सोफ्यावर टाकला की तिकडून "आजोबा, रॉटर!" तिनं दूध सांडलं की इकडून "रास्कल!" मग दोघांचं 'विदड्रॉ' आणि हसणं. त्या पाच-सहा शब्दांवर आजोबा-नात दिवसच्या दिवस बोलत.

निघताना विमानतळावर त्यांनी तिला शब्द दिला, पुढच्या उन्हाळ्यात नक्की. पण आधी गुडघे नडले, मग हृदय. दुसरा उन्हाळाही गेला तेव्हा एका रविवारी, फोनकार्ड खरवडून मी कराडला फोन लावला, तर मीरानं रिसीव्हर घेऊन सांगितलं, "आजोबा, यू आर अ कॅड."

"अगं, सॉरी म्हण!" बायको ओरडली. पलीकडून मास्तरांचा आवाज आला, "बरोब्बर शब्द आहे, बाळ. आत्ता मागे घेऊ नकोस. मी येईन, तेव्हा घे."

ते आले नाहीत. मला त्यांची फार आठवण येते. मीरानं ती शिवी अजून मागे घेतलेली नाही.