दारावरची लाल बादली

देशातलं डिझेल संपलं तेव्हा आधी बस बंद पडल्या, मग दिवे गेले आणि मग नळ. आगाराला कुलूप लागलं त्या दिवशी कंडक्टरबाई दोन वस्तू घेऊन घरी आल्या. एक गळ्यातली शिट्टी, ती त्यांची स्वतःचीच. दुसरी आगाराच्या भिंतीवरची लाल बादली. थकलेल्या पगाराबद्दल दिली म्हणायच्या, आणि वर सांगायच्या, "तसे बसच देत होते, पण जिन्यातून वर चढेना."

बादली होती आग विझवायच्या वाळूची. असल्या बादलीचं बूड गोल ठेवतात, कुणी घरी नेऊन वापरू नये म्हणून. जमिनीवर टेकवली की लवंडते. ती टांगायलाच लागते.

"चोरीला जाऊ नये म्हणून केलेली बादली तू घरी आणलीस," नवरा म्हणाला, "आणि आता खिळा मी ठोकायचा."

नवरा म्हणजे ड्रायव्हर. बाईंच्याच गाडीवर आख्खं आयुष्य काढलेला. क्लच दाबून दाबून गुडघे कामातून गेले होते. तो पुढे, ही मागे, आणि मध्ये घंटेची दोरी. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड. त्यांच्या संसारात याहून जास्त बोलण्याची गरज फारशी पडलीच नव्हती.

उरल्यासुरल्या सरकारी डिझेलवर पाण्याचा टँकर कोपऱ्यावर यायला लागला तशी मारामारी सुरू झाली. एकदा निवृत्त पोस्टमनकाकांच्या कपाळावर कुणाचा तरी कॅन बसला, रक्ताची धार लागली, तरी कुणी हटेना. बाईंना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी शिट्टी फुंकली. सगळे जागच्या जागी थांबले. जन्माची सवय, दुसरं काय.

"दारात गर्दी करू नका," बाई म्हणाल्या. "एकामागे एक. पुढे सरका."

कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्यातून रांग तयार झाली आणि रोज होत राहिली.

मग बाईंनी बादलीचा नियम काढला. बसमध्ये पुढची सीट कुणाची असते, एवढंच त्यांनी रांगेला विचारलं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. ज्याच्या घरात आजारी माणूस, त्याच्या दारावर लाल बादली. ज्याच्या हातात लाल बादली, त्याचं पाणी आधी. काय आजार आहे, खरंच आहे का, हे कुणी विचारायचं नाही. बादली खाली ठेवता येत नाही म्हणून प्रत्येक घरानं आपापल्या दाराच्या चौकटीत एकेक खिळा ठोकून घेतला. ड्रायव्हर हातोडी घेऊन मजल्या-मजल्यावर लंगडत फिरला.

लबाडी झाली नाही असं नाही. किराणावाल्याची सासू एका महिन्यात तीनदा मरणाला टेकली. बाईंनी शब्द पाळला, काही विचारलं नाही. फक्त रांगेत सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सासूबाईंना सांगा, असं मधूनच उतरू नका, तिकीट फुकट जातं." किराणावाला कानापर्यंत लाल झाला, आणि दुसऱ्या दिवशी बादली गुपचूप बाईंच्या खिळ्यावर परत आली. त्यानंतर लबाडी थांबली. लोक बरे झाले की स्वतःहून बादली घासून आणून द्यायचे. एक साहेब येऊन बघून गेले, अशीच माणसं देश उभा करतील म्हणाले, आणि दुसरा टँकर पाठवतो म्हणून जे गेले ते गेले.

मग साथ आली. उलट्या, जुलाब, डोळे खोबणीत जायचे. पाणी पोटात राहिलं तर माणूस वाचायचा. दवाखान्यात सलाईन नव्हतं. पलीकडच्या गल्लीतून हातगाड्या जाताना दिसायच्या. बाईंच्या इमारतीत मात्र लाल बादली त्यांच्याच खिळ्यावर लटकलेली, काल हलली नाही, आजही नाही.

"बघ," बाई नवऱ्याला म्हणाल्या, "आपल्याकडे शिस्त आहे, म्हणून साथ शिरली नाही."

"गाडी रिकामी आली म्हणजे गावात माणसं नाहीत असं नसतं," तो गुडघ्याला तेल चोळत म्हणाला.

बाईंनी ते कानाआड केलं. रांगेतही त्यांनी अभिमानानं सांगितलं की आपली बादली किती दिवस हललेली नाही. पोस्टमनकाका आपल्या चपलांकडे बघत राहिले.

खालच्या मजल्यावर शिंपी राहायचा. त्याचं मशीन दिवसभर चालायचं, इतकं की ते थांबलं तरच ऐकू यायचं. आताशा ते सारखं थांबत होतं. शिंपी रांगेत सगळ्यात शेवटी उभा राहायचा, त्याच्यापर्यंत येता येता टँकर खडखडायचा, आणि तो रिकामा कॅन तसाच घेऊन जायचा. एका दुपारी बाई त्याच्या दाराशी थांबल्या. आतून आंबूस वास येत होता.

"मास्तर, वहिनी दिसल्या नाहीत बऱ्याच दिवसांत."

"उकाडा आहे."

"उकाड्यानं माणूस ओकतं होय?"

शिंप्यानं बाहेर येऊन दार पाठीमागे ओढून घेतलं. गळ्यात टेप तशीच होती. "बाई, पाया पडतो. बादली नको."

"अहो, पाण्यावाचून जाईल ती."

"तिची बहीण येते अंधार पडल्यावर. तिचं सगळं तीच करते, पुसते, कपडे बदलते, चमच्यानं पाणी घालते. मला नाही जमत ते, ओकारी येते मला." तो खाली बघत म्हणाला. "दारावर लाल लटकलं की बहिणीचा नवरा तिला पाठवायचा नाही. आत शाळेचे गणवेश पडलेत, तेही उचलून नेतील. बादली म्हणजे साथ, हे आता पोराटोरांना कळतं. तुम्हालाच तेवढं माहीत नाही."

बाईंना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. म्हणजे बादली खिळ्यावरून हलली नव्हती ती कुणी आजारी नव्हतं म्हणून नव्हे. त्यांनी वर जाऊन आपला अर्धा कॅन आणून दिला. तो चादरी धुण्यातच गेला.

नवरा म्हणाला, आपलं पाणी देत राहू, हळूच. बाईंना ते पटेना. आपलं दोघांचं किती आणि ते पुरणार किती. शिवाय एकाला हळूच दिलं की उद्या सगळंच हळूच होणार, मग रांग कशाला मांडली? मास्तर घाबरलाय, घाबरलेल्या माणसाचं ऐकायचं नसतं. एकदा बादली लटकली, वहिनी बरी झाली, की लोकांची भीतीही मोडेल.

"तो नको म्हणाला ना?" नवऱ्यानं विचारलं. "त्यानं एक टोला दिलाय. थांब म्हणतोय."

"घंटा कंडक्टरनं मारायची असते," बाई म्हणाल्या, "पॅसेंजरनं नाही."

सकाळी टँकर यायच्या आधी त्यांनी बादली शिंप्याच्या दारावर लटकवली.

तो बाहेर आला, बादलीकडे बघत बराच वेळ उभा राहिला. पाणी तर हवंच होतं. त्यानं ती काढून हातात घेतली आणि रांगेच्या पुढे जाऊन उभा राहिला. मागची सगळी रांग मागे सरकली. टँकरवाल्यानं नाकाला फडकं लावून पाइप लांबूनच धरला, अर्धं पाणी रस्त्यावर सांडलं. बाईंनी शिट्टी फुंकली, "पुढे सरका," म्हणाल्या. कुणी हललं नाही.

दुपारी शाळेचा शिपाई आला आणि कापलेलं, न कापलेलं सगळं कापड गाठोड्यात बांधून घेऊन गेला. अंधार पडला. बहीण आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मग बाईच खाली गेल्या. त्यांनी पदर खोचला, वहिनीला पुसलं, कपडे बदलले, चमचा ओठांना लावला. बहिणीचा हात वेगळा, यांचा वेगळा. चमचा दातांवर आपटायचा, पाणी गालावरून उशीत जायचं. वहिनीनं एकदाच डोळे उघडले.

"ताई आली?"

"येतेय," बाई म्हणाल्या.

पहाटे वहिनी गेली. खाली उतरवायला चार माणसं मिळाली नाहीत. दारं किलकिली व्हायची आणि मिटायची. शेवटी शिंपी, बाई, गुडघे धरत धरत ड्रायव्हर आणि हातगाडीवाला, अशा चौघांनी तिला नेलं.

बादली परत द्यायला शिंपी स्वतः वर आला. लखलखीत घासून आणली होती. बाईंना वाटलं, ओरडावं यानं, शिव्या घालाव्यात. तो साध्या आवाजात म्हणाला, "पाणी रोज पहिलं मिळालं, बाई. खोटं कशाला बोलू. माणूस नाही मिळालं."

बादली खाली ठेवता येईना, म्हणून त्यानंच ती खिळ्यावर लटकवली आणि उतरून गेला.

बाई दुसऱ्या दिवशी टँकरवर गेल्या नाहीत. खालून भांडणाचा आवाज वर येत होता.

"गाडी उभी आहे," नवरा म्हणाला.

"कंडक्टर नाही गाडीला."

त्यानं शिट्टी काढून बाईंसमोर ठेवली आणि स्वतः कॅन घेऊन लंगडत निघाला. तो जिन्याच्या पहिल्याच पायरीवर कठड्याला धरून उभा राहिलेला दिसला तेव्हा बाई उठल्या.

रांगेपुढे त्या उभ्या राहिल्या, पण नेहमीचा आवाज लागेना. त्यांनी सांगितलं की लाल बादली आता कुणाच्या दारावर जाणार नाही. सगळ्यात आधी तीच भरायची आणि जिन्याखालच्या अंधारात टांगायची, झाकण घालून, शेजारी पाणी काढायला एक मग. ज्याला लागेल त्यानं न्यावं. दिवेलागणीनंतर जिन्याखाली कुणी बघायचं नाही. मीसुद्धा नाही.

"आणि कुणी उगीचच नेलं तर?" पोस्टमनकाकांनी विचारलं.

"नेऊ दे. तुम्ही नेलंत तरी मला कळणार नाही."

या वेळी कुणी हसलं नाही. शिंपी छोटा कॅन घेऊन रांगेच्या मध्यावर उभा होता. त्यानं वर पाहिलं नाही.

पहिल्या काही सकाळी बादली भरलेलीच सापडली. मग एकदा अर्धी. मग तळाशी घोटभर. आणि नंतर रोज कोरडी ठक्क, आतून बोट फिरवलं तर बोट कोरडं. बाई त्या रिकाम्या बादलीपुढे उभ्या राहिल्या. इतके दिवस किती दारांमागे किती जण ओठ चाटत पडले होते, आणि आपण शिस्तीचं कौतुक सांगत होतो.

एक बादली पुरणार नव्हती. बाई चालत आगारात गेल्या. बस एकमेकींना टेकून उभ्या होत्या, टायर बसलेले, खिडक्यांतून गवत डोकावत होतं. म्हाताऱ्या वॉचमननं भिंतीवरच्या बादल्या उतरवून वाळू ओतली.

"तुमच्याकडे किती आजारी आहेत?"

"विचारत नाही."

"मग बादल्या किती लागतील ते कसं कळणार?"

"आहेत तेवढ्या द्या."

दोन्ही हातांत बादल्या घेऊन त्या परतल्या तेव्हा जिन्यापाशी दम लागला. पण बादल्या टेकवता येईनात, सोडल्या तर घरंगळतील. त्या तशाच उभ्या राहिल्या, दांड्या बोटांत रुतवत. शिंप्याचं दार उघडं होतं. मशीन कापडानं झाकलेलं होतं. तो उंबऱ्यात येऊन बघत राहिला.

"खिळे लागतील तुम्हाला," तो म्हणाला.

"बघते कुठे मिळतात का."

तो आत गेला. पक्कड घेऊन आला, आपल्याच दाराच्या चौकटीतला खिळा हलवून हलवून उपटला. लाकडाचा ढलपा निघाला. बाईंचे हात मोकळे नव्हते, म्हणून त्यानं खिळा एका बादलीत टाकला आणि दार लावून घेतलं.

गोल बुडात तो खिळा बराच वेळ फिरत राहिला.