मूठभर गोळ्या

“‘हँडफुल’ ठेव आणि फाइल पाठव,” राणे सर म्हणाले. “त्यातल्या त्यात सभ्य शब्द तोच आहे.”

“सभ्य आहे सर, पण अर्थ उलटा होतोय.”

मी मेडिकल ट्रान्सलेटर. पेशंट मराठीत जे सांगतो ते इंग्रजीत लिहायचं, हे माझं काम. ऑफिस परळला, आजूबाजूला हॉस्पिटलंच हॉस्पिटलं, त्यामुळे कामाला तोटा नाही. ही फाइल लालबागच्या पार्वतीमावशींची होती. त्यांचे सांधे आखडले होते. नवं औषध सुरू करायचं की नाही, हे परदेशातले एक स्पेशालिस्ट कागद वाचून ठरवणार होते. रेकॉर्डिंगमध्ये मावशी म्हणाल्या होत्या, “दुखलं की मूठभर गोळ्या खाते.”

आता सभेला मूठभर लोक आले म्हणजे कमी आले, आणि मूठभर गोळ्या खाल्ल्या म्हणजे फार खाल्ल्या. आपल्याला हे शिकवावं लागत नाही. इंग्रजीतलं ‘अ हँडफुल ऑफ’ मात्र बहुतेकदा ‘मोजकेच’ असं सांगतं. डॉक्टर वाचणार, बाई अधूनमधून दोन-चार गोळ्या घेतात, आणि पान उलटणार. पेनकिलर अती झाल्या की किडनीला त्रास होतो, आणि हे नवं औषधही किडनीवर भार टाकणारं. मला भीतीच वाटली.

मग दुसरे शब्द चाचपले. ‘टन्स ऑफ’ लिहिलं तर मावशी थट्टा करतायत असं वाटेल. ‘लोड्स ऑफ’ कॉलेजच्या कट्ट्यावरचं. ‘अ बंच ऑफ’चा काही अंदाजच येत नाही. ‘अ लॉट ऑफ’ तर प्रत्येक पेशंटच्या तोंडी, त्यामुळे कुणी मनावर घेत नाही.

“अगं, शब्दाचा किती कीस पाडशील? क्लायंट डोक्यावर बसलाय!”

“बसू दे. मावशींना विचारल्याशिवाय मी फाइल सोडणार नाही.”

सर चिडले, पण हॉस्पिटलची परवानगी त्यांनीच काढली. मी फोन लावला.

“मावशी, मूठभर म्हणजे किती हो?”

“मोजून कोण खातंय बाय? उठल्यावर एक, पाणी भरलं की एक, जिना चढून आले की दोन. झोपताना परत.”

“रोज?”

“दुखतं रोज, मग गोळी काय सणासुदीला खाऊ?”

“डॉक्टरांना माहितीय?”

“त्यांनी कुठे विचारलं!”

मी ‘अ फिस्टफुल ऑफ’ लिहिलं, कारण त्यात ‘मोजकेच’ची छटा नाही, आणि खाली टीप जोडली: रोज, दिवसातून अनेकदा, डॉक्टरांना न सांगता.

स्पेशालिस्टांचं उत्तर आलं: आधी किडनीची तपासणी करा. रिपोर्ट वाईट निघाला. नवं औषध रद्द झालं, जुन्या गोळ्या बंद झाल्या आणि किडनीचे उपचार वेळेत सुरू झाले. मला हायसं वाटलं. सर मात्र अजून म्हणतात, टीप लांबली होती.

लांबू दे. इंग्रजीत ‘पुष्कळ’ला डझनभर शब्द आहेत. माणसाला किडन्या दोनच.